रेघेवर पाना

प्रिय बारक्या,

हे पत्र पार्ट घेऊन येणाऱ्या टेम्पोवाल्याच्या हातात देते आहे. उद्या तो तुझ्या शहरात पोचेल. फोन का नाही केला, हे तू आधी विचारशील म्हणून आधी तेच सांगते. आपल्याकडे रेंज मिळते ती फक्त गॅरेजच्या दाराशी, आणि त्या दाराशी हल्ली बाबा दिवसभर खुर्ची टाकून बसलेले असतात. त्यांच्या कानावर न जाता तुझ्याशी बोलायचं तर कागदच बरा. शिवाय फोनवर मी नुसती रडले असते आणि तू पलीकडून 'ताई, नीट सांग, ताई, नीट सांग' करत बसला असतास. तुला रडणाऱ्या माणसांशी कधीच बोलता आलं नाही. लहानपणी मी रडायला लागले की तू माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर आणून द्यायचास.

तर नीट सांगते. गाडी जमिनीपासून चार इंच वर उचलली आहे, आणि उचलल्यापासून ती माझ्या ताब्यात राहत नाही. आणि त्याच गाडीतून मला आईला न्यावं लागतं.

पूल वाहून गेल्याचं आईनं तुला कळवलंच असेल. तिनं सांगितलं असेल की 'सगळं ठीक चाललंय, काळजी करू नकोस.' काहीही ठीक चाललेलं नाही. तिचं डायलिसिस दर मंगळवारी आणि शुक्रवारी, आणि हॉस्पिटल नदीपलीकडे. आता जायची वाट म्हणजे नदीचं पात्र. धोंडे, वाळू, मध्ये गुडघाभर पाणी. आपल्या जीपचं पोट दगडांना घासायचं. एकदा ती मधोमध अडकली तेव्हा चौघांनी आईला खुर्चीत बसवून उचलून काठावर आणलं, आणि ती बाई वरून त्यांनाच सांगत होती, पाय जपून टाका रे. अँब्युलन्स येते ती पलीकडच्या काठापर्यंत, तीही आली तर. लांबच्या रस्त्यानं वळसा घालायचा तर अर्धा दिवस गाडीत बसावं लागतं, आणि तेवढं बसायची ताकद तिच्यात उरलेली नाही.

म्हणून बाबांनी ठरवलं की गाडी उचलायची. उंच स्प्रिंगा, लांब शॉकअप, मोठी चाकं. मी आपली घाबरले होते, पण बाबांचा चेहरा बघायला हवा होतास. किती दिवसांनी त्यांनी अंगात तो निळा डगला चढवला, बाह्या दुमडल्या आणि स्प्रिंगा जमिनीवर मांडून त्यांच्याकडे असे बघत उभे राहिले की जणू घरात पाहुणे आलेत. मी हाताखाली होते. सगळं त्यांनी स्वतः बसवलं. मध्येच दोनदा मला विचारलं, की पूल बंद कशासाठी केलाय. मी म्हटलं, बाबा, वाहून गेला ना. 'हां हां, तेच ते,' म्हणाले आणि पुन्हा गाडीखाली गेले. कामाच्या नादात माणूस विसरतो, असं मी धरून चालले.

नदीत गाडी अगदी साळसूद चालली. धोंड्यांवरून अशी गेली की आई मागच्या सीटवर हसायला लागली. बाबा पुढे माझ्या शेजारी ताठ बसले होते. तो एक दिवस चांगला गेला रे, खरंच सांगते.

खोड कळली ती डांबरी रस्त्याला लागल्यावर. गाडी सरळ जाईच ना. स्टिअरिंग सरळ धरलं तरी ती आपल्या मनानं कधी डावीकडे, कधी उजवीकडे फिरायला निघायची. वळण घेतलं की चाकं आपणहून सरळ व्हायला हवीत, तर ती वळलेलीच राहायची, हातानं ओढून आणावी लागायची. सरळ रस्त्यावर स्टिअरिंगचा मधला दांडा तिरका. हॉस्पिटलच्या आवारात पोचेपर्यंत माझ्या खांद्यांचे तुकडे पडले होते. पण ही दुखणी तशी ओळखीचीच. अलाइनमेंटवाल्यानं गाडी मशीनवर घेतली आणि म्हणाला, उंची वाढवली की पुढच्या चाकांचा कल बदलतो, तो परत आणावा लागेल. त्यानं पाचर घालून कल परत आणला, स्टिअरिंग मध्यावर बसवलं. गाडी बरीचशी माणसात आली. मला वाटलं, सुटलो.

सुटलो कुठले. खाणीच्या पुढे तो उतार आहे ना, डाव्या हाताला नुसता कडा, तिथे रस्त्याला आडवी भेग पडली आहे. चाक त्या भेगेवरून गेलं आणि पुढची दोन्ही चाकं डावी-उजवी, डावी-उजवी अशी थडथडायला लागली की स्टिअरिंग माझ्या हातातून हिसकलंच. बॉनेट नाचतंय, काचा वाजतायत, मागे आईचं डोकं खिडकीवर आपटलं. ब्रेक दाबावा की नाही तेही सुचेना. गाडी पार थांबत आली तेव्हा कुठे ते थांबलं. खाली उतरून मी मागचं दार उघडलं. आई म्हणाली, काही झालं नाही, चल, उशीर होईल. तिच्या कपाळावर टेंगूळ आलेलं.

तेव्हापासून त्या थडथडीचा माग काढताना माझ्या नाकी नऊ आले आहेत. टायरवाल्यानं सांगितलं, टायरच. त्याला विचारलंस तर तो पोटदुखीलाही टायरच सांगेल. चाकं बॅलन्स केली, पुढची मागे आणि मागची पुढे घातली. थडथड तशीच. हवा कमी केली, तशीच. बेअरिंग बघितली, बॉल जॉइंट हलवून बघितले, स्टिअरिंगचे धक्के शोषणारा डॅम्पर नवा टाकला. नव्या डॅम्परवर दोन फेऱ्या बऱ्या गेल्या, तिसऱ्या फेरीला त्याच भेगेवर तेच. प्रत्येक फेरीला मी तो उतार जीव मुठीत धरून उतरते, इतकी हळू की मागचे गाडीवाले हॉर्न वाजवून शिव्या घालत पुढे जातात. बाबा शेजारी बसून खिडकीबाहेर बघत असतात. थडथड झाली की म्हणतात, टायर बघून घे एकदा. दर वेळी तेच, जणू पहिल्यांदाच सुचलंय.

तू म्हणशील, ताई, ही लक्षणं तर शेंबडं पोरही ओळखेल, आडवा दांडा बघितलास का? पुढची चाकं जोडणारी अ‍ॅक्सल डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून जो दांडा गाडीच्या सांगाड्याला बांधलेला असतो, त्याचा बोल्ट सैल असला की हेच होतं. अरे, मला कळत नाही का? गाडीखाली शिरून मी तो दांडा किती वेळा बघितला. पण बोल्टवर बाबांची पांढरी रेघ होती.

त्यापुढे काय सांगू तुला. आपल्या गॅरेजात ज्या बोल्टवर बाबांची रेघ, त्याला कुणी पाना लावत नाही. बोल्ट पक्का आवळला की लगेच ब्रशनं एक पांढरी रेघ, अर्धी बोल्टच्या डोक्यावर, अर्धी खालच्या पट्टीवर. बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ तुटणार. गिऱ्हाइकं ती रेघ बघून निर्धास्त जायची. 'मिस्त्रींची रेघ आहे' म्हटलं की विषय संपला. मी जन्मभर हेच बघत आले. म्हणून मी सगळी गाडी धुंडाळली आणि तो एक बोल्ट सोडला. बघायची, रेघ अखंड दिसायची, पुढे जायची.

शेवटी एक दिवस बाबा आंघोळीला गेले असताना मी गाडीखाली आडवी झाले आणि आईला वर बसवून स्टिअरिंग डावी-उजवीकडे फिरवायला लावलं. तिच्या हातात जोर तो किती, पण तेवढ्यानंही दिसलं. दांडा टोकाशी हलत होता. रेघेसकट. मी पाना आणला. चोरी करत असल्यासारखं वाटत होतं. बोल्ट नुसत्या बोटांच्या जोरावर फिरला. तो सैल झालेला नव्हता, बारक्या. तो कधी आवळलेलाच नव्हता. हातानं बसवला, आणि वरून रेघ ओढली.

मी तिथेच तेलकट फरशीवर पडून राहिले. वरून आई विचारत होती, सापडलं का ग? सापडलं म्हटलं. कुठे, हे तिनं विचारलं नाही. तिला आधीच माहीत होतं. मिस्त्री हल्ली चहा पिऊन झाल्यावर चहा मागतात, शर्ट घालून झाल्यावर शर्ट शोधतात, हे ती बरेच दिवस बघत होती आणि आपल्या दोघांना ताकास तूर लागू देत नव्हती. तुला फोनवर 'बाबा कामात आहेत' सांगायची ना, त्यातल्या निम्म्या वेळा ते तिच्या शेजारी बसलेले असायचे आणि तू कुठे राहतोस ते तिला विचारत असायचे.

मी बोल्ट आवळला. शुक्रवारी गाडी त्या भेगेवरून लोण्यासारखी गेली. उतारावर मी मोठ्यानं ओरडलेच आनंदानं. आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा थडथड, पहिल्यापेक्षा वाईट. कारण बाबा रोज सकाळी गाडी 'तपासतात'. बोल्ट काढतात, पुसतात, ग्रीस लावून परत घालतात. आवळायच्या आधी कुणीतरी हाक मारतं, नाहीतर नुसता पक्षी ओरडतो, आणि ते सोडून जातात. परत येतात तेव्हा डोक्याला आठवत नाही, पण हाताला आठवतं, की आता रेघ ओढायची. ती मात्र चुकत नाही.

मग मी लपवाछपवी सुरू केली. पाने लपवले, तर बाबांनी सगळं गॅरेज उलथंपालथं केलं आणि दारात उभं राहून चोर चोर म्हणून ओरडले. ज्या शेजाऱ्यांशी आयुष्यात कधी आवाज चढवून बोलले नाहीत, त्यांच्यावर संशय घेतला. मग मी ते झोपल्यावर बोल्ट आवळायला लागले आणि तुटलेली रेघ स्वतः रंगवायला लागले. तेही त्यांनी ओळखलं. बोट फिरवून म्हणाले, ही माझी नाही. त्यांचा हात आता कापतो ना, त्यांची रेघ वेडीवाकडी येते. माझी सरळ आली होती. मला हसूही येईना आणि रडूही येईना.

हॉस्पिटलजवळ खोली घेऊनही बघितली. दुसऱ्याच दिवशी बाबा तिथल्या गल्लीत घरोघरी जाऊन गॅरेज कुठे आहे ते विचारत होते. एका दुकानदारानं हाताला धरून आणून सोडलं. आईनं त्याच दिवशी सामान बांधायला लावलं. त्यांना कळू देऊ नकोस, एवढंच ती म्हणते. आयुष्यभर मिस्त्री म्हणून मान मिळाला, आता त्यांच्या कामावर बोट ठेवू नकोस, माझं काय व्हायचं ते होऊ दे. मी तिच्यावर इतकी चिडले की भांडं आपटलं. तुझं काय व्हायचं ते म्हणजे काय ग? त्या कड्यावरून खाली जायचं आपण तिघांनी, पण रेघेला धक्का नको? ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तिच्याशी भांडावं तरी किती, तिला भांडायचाही दम लागतो.

आता कालचं सांगते. कालच्या शुक्रवारी मी ठरवलं की आता लपूनछपून नाही. आईला गाडीत बसवलं, बाबांसमोर गाडीखाली गेले आणि त्यांच्या रेघेवर पाना लावला. त्यांनी पायाला धरून मला बाहेर ओढलं. तुला तो दिवस आठवला असेल. मला तर तोच दिवस दिसत होता. तू असाच एका बोल्टला पाना लावलास, गिऱ्हाइकांसमोर, आणि बोल्ट अर्धा फेरा फिरला. सगळ्यांनी बघितलं. बाबांनी तुझ्या मुस्काटात मारली, म्हणाले, माझ्या रेघेवर पाना लावणारा या गॅरेजात नको. तू हात पुसून जो गेलास तो गेलासच. मला काल मारलं नाही त्यांनी. किल्ली काढून घेतली आणि पुढच्या चाकाला टेकून जमिनीवर बसले. मी हात जोडले, पाया पडले, शेजारचे येऊन समजावून गेले. ते हलले नाहीत. डायलिसिसची वेळ टळून गेली. आईला आम्ही परत आत आणून निजवलं.

आज तिचा चेहरा सुजला आहे. पायावर बोट दाबलं की खड्डा तसाच राहतो. उशीवर उशी रचून बसवून ठेवली आहे, आडवं झालं की श्वास लागतो. हॉस्पिटलात विचारलं तर म्हणाले, मंगळवारशिवाय जागा नाही, फारच वाढलं तर तातडीनं घेऊन या. घेऊन या म्हणणं सोपं आहे. त्याच गाडीतून, त्याच उतारावरून आणायचं ना मी तिला? मला काही सुचत नाही बारक्या. मी हात टेकले. किल्ली हिसकावून घेईन म्हणते, वेळ आली तर घेईनही, पण त्या बोल्टसकट मी गाडी किती लांब नेणार?

हे सगळं तुला कळवून धीर मागावा म्हणून हे पत्र लिहिलेलं नाही. आज सकाळी जे झालं त्यासाठी लिहिते आहे. बाबा आईच्या खोलीत आले, तिचा सुजलेला चेहरा बघून घाबरले आणि मला विचारलं, काल हिला नेलं नाहीस का? मी म्हटलं, नाही, गाडी बिघडली आहे. मग ते गॅरेजात गेले. मी मागोमाग गेले तर गाडीपाशी वाकून उभे होते, हातात पाना, आणि पाना पुढे धरून तुला हाका मारत होते. बारक्या, ये इकडे, म्हणत होते, रेघेवर पाना लावून बघ, मला आता माझा भरवसा नाही. मी पुढे होऊन पाना घ्यायला हात केला तर मागे ओढला. तू नाही, म्हणाले, त्यालाच कळलं होतं, त्यालाच देणार. आता पाना आणि किल्ली दोन्ही त्यांच्या डगल्याच्या खिशात आहेत आणि ते दाराशी बसून रस्त्याकडे बघतायत. तू येशील तेव्हा माफीबिफी मागू नकोस आणि मागायलाही लावू नकोस. तू इतकी वर्षं नव्हतास हे त्यांना आठवेल असं मला वाटत नाही, उलट उशीर केलास म्हणून रागावतील. रागावू दे. तू फक्त हात पुढे कर, ते पाना देतील, बोल्ट त्यांच्यासमोर आवळ आणि रेघ त्यांनाच ओढू दे. सोमवारी ये रे. मंगळवारी आईला न्यायचं आहे.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच ताई